पिंपातली रिकामी जागा

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून हिला वाइनचा मुलूख दाखवायला आणलं. तीन दिवसांत सहा तळघरं पालथी घातली, मी वहीभर नोंदी केल्या, पण बाईसाहेबांच्या तोंडात मिठाची गुळणी!

सातव्या तळघरात एक म्हातारा कामगार भरलेल्या लाकडी पिंपात आणखी वाइन ओतत होता.

“लाकूड रोज थोडी थोडी पितं,” तो म्हणाला. “दर आठवड्याला भर घालावीच लागते. रिकाम्या जागेत हवा शिरली की वाइन आंबते.”

“आणि विसरलात तर?” हिने विचारलं. तिचा हा पहिलाच प्रश्न.

“मग व्हिनेगर.”

मी तेही टिपून घेतलं.

दुपारी शेजारच्या हॉटेलात जेवायला बसलो आणि मी वही उघडली. हिने टेबलावरची व्हिनेगरची बाटली माझ्यापुढे सरकवली.

“अहो, हिचीही नोंद करा. तीस वर्षांची आहे.”