निळं अंडं

फोकोनं कुऱ्हाड घासून ठेवली होती. रविवारी सूप करायचं हेही ठरवून टाकलं होतं. कोंबडी त्याची नव्हती, शेजारी राहणाऱ्या भावजयीची, गेशेची होती, एवढीच अडचण.

"अंडं खायची चटक लागली की संपलं," तो खुराड्यासमोर उभा राहून म्हणाला. "बाकीच्यांनाही शिकवेल ती."

गेशेनं खुराड्याचं दार उघडलं. नवऱ्याचा हा थोरला भाऊ निवृत्त झाल्यापासून त्याला सगळ्यातलं सगळं कळत होतं. समुद्राच्या बांधातलं, हवेतलं, आता कोंबड्यांतलंही. ईस्टरनंतर ती जराशी बहिणीकडे काय गेली, खुराडं यानं सांभाळलं आणि तिच्या ताल्के कोंबडीच्या चोचीला बलक.

"खायला काय घालत होतात, भाऊजी?"

"दाणे. आणि कॅल्शियम. कवच मऊ पडत होतं. वाचलंय मी त्यावर."

"शिंपल्यांचा चुरा संपला?"

"विकतचा कशाला? घरचंच घातलं."

गेशेनं वाकून भुशात हात फिरवला. कवचाचा तुकडा हाताला लागला. निळा, वर अर्धं ट्युलिप.

"ही कुठली जात, भाऊजी? नक्षीचं अंडं घालणारी?"

"ईस्टरला फांदीवर रंगवलेली अंडी टांगली होती ना, ती," फोको म्हणाला. "आत काही नव्हतंच. फुंकून रिकामी केलेली. सण झाला, वाया कशाला घालवायची."

"अख्खी टाकलीत?"

"चोच असते की त्यांना."

"असते. म्हणून तर भाजून, कुटून, रव्यासारखं करून द्यायचं. हे अंडं आहे हे तिला कळताच कामा नये. अंडी फोडायला शिकवलंत तुम्ही आणि मान कापणार तिची. वाचलंत त्यात एवढं नव्हतं?"

फोकोची बायको आंत्ये कपडे वाळत घालत होती. ती चिमटे खिशात टाकत आली. गेशेनं तळहात पुढे केला.

आंत्येनं तुकडा उलटसुलट करून पाहिला. "हे माझ्या आईनं रंगवलेलं," ती म्हणाली. "माळ्यावर ठेवली आहेत म्हणाला होतास तू."

फोकोनं भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड सरळ केली.

"ती कुऱ्हाड आत ठेव, फोको. माझ्या हाताशी नको."

रविवारी आंत्येनं त्याला पाकिटातलं सूप दिलं. नंतर तो पायरीवर बसून हातोडीनं शिंपले कुटत होता. खुराड्यात ताल्के गेशेनं ठेवलेल्या चिनी मातीच्या, न फुटणाऱ्या खोट्या अंड्यावर चोच आपटून कंटाळली होती.

गेशेनं चुरा चिमटीत घेऊन बघितला.

"जाड आहे अजून, भाऊजी," ती म्हणाली आणि चहाला आत गेली.