सगळ्यांना लागतो तो भाव

धाकट्याने गाडीचं मागचं दार उघडलं, तशी वहिनी आधी पाय, मग बाकीची, अशा बेताने आत जाऊन बसली. सीटवरचं प्लास्टिक चरचरलं. तिने पर्स मांडीवर ठेवली, हात वर नेऊन छत किती उंच आहे ते चाचपलं आणि म्हणाली,

"ऐसपैस आहे हो. बाहेरून एवढी वाटत नाही."

"लांबी कमी, उंची जास्त," धाकटा म्हणाला. "गल्लीबोळातून निघते आणि आत अवघडल्यासारखं होत नाही. मागे तीन माणसं आरामात बसतात. म्हणजे दोन आरामात, तिसरं जरा अंग चोरून."

हे वाक्य तो रोज बोलायचा आणि रोज गिऱ्हाईक हसायचं. वहिनीही हसली. थोरला हसला नाही. तो बॉनेटपाशी उभा राहून गाडीऐवजी भावाच्या शर्टावरच्या नावाच्या पट्टीकडे बघत होता.

या शोरूममध्ये धाकट्याला नऊ वर्षं झाली होती आणि थोरला आज पहिल्यांदा आत आला होता. आई जाऊन चार महिने झाले होते. त्यानंतर दोघांची भेट नव्हती. आज सकाळी काचेचं दार ढकलून थोरला आणि वहिनी आत आले, तेव्हा धाकटा एका म्हाताऱ्या जोडप्याला गाडीच्या रंगांची पुस्तिका दाखवत होता. त्याने दुरूनच मान हलवली, त्या जोडप्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, त्यांना रिक्षापर्यंत सोडून आला आणि मग भावासमोर येऊन म्हणाला होता, "या. कोणतं मॉडेल बघायचंय?"

"चालवून बघतो," आता थोरला म्हणाला.

"हो. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो."

किल्ली घेताना थोरल्याचा हात जरा थबकला. धाकट्याने जन्मात कधी त्याला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. लहानपणी आई म्हणायची, अरे दादा म्हणतोस ना, मग निदान बाहेरच्या लोकांसमोर तरी अहो-जाहो कर. तेव्हा दोघंही पोट धरून हसायचे.

गाडी फाटकातून बाहेर पडली. थोरला जपून चालवत होता, दुसऱ्याची वस्तू हाताळल्यासारखी. पहिल्या गतिरोधकावर वहिनी मागून म्हणाली, "गचका नाही बसत." दुसऱ्यावर तिने तेच पुन्हा सांगितलं. तिसऱ्यावर गचका बसला, तेव्हा ती गप्प राहिली.

"सीट चांगली उंच आहे," थोरला म्हणाला. "वाकून बसावं लागत नाही. आईला चढायला सोपं गेलं असतं."

मागे वहिनीने पर्सची चेन लावली.

"आई शेवटची तीन वर्षं उठून बसली नाही," धाकटा म्हणाला. "दुसरा गिअर टाका. पुढे चढ आहे."

थोरल्याने दुसरा गिअर टाकला.

त्या तीन वर्षांत दर रविवारी संध्याकाळी थोरल्याचा फोन यायचा. तो गाडीने दोन तासांच्या अंतरावर राहायचा, मोठ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. आईची विचारपूस व्हायची, आणि फोन ठेवताना ठरलेलं वाक्य यायचं, "काही लागलं तर सांग रे." धाकटा कधी काही सांगायचा नाही. दुपारी दोन तास घरी जाऊन यायला त्याने शोरूमची परवानगी मिळवली होती. आईची कूस बदलायची, भरवायचं, पुसून काढायचं आणि इस्त्रीच्या शर्टात परत येऊन सनरूफ उघडून दाखवायचं. एक बाई त्याच्यासाठी थांबली होती. ती दीड वर्ष थांबली आणि मग तिने कुरकुर न करता दुसरीकडे लग्न केलं. एकदाच, एका रविवारी, तो फोनवर म्हणाला होता, "दादा, तू ये. आठ दिवस तिच्यापाशी बस. मला फक्त झोपायचंय." थोरला म्हणाला, "बघतो."

पुढच्या रविवारी फोन आला, तेव्हा त्या गोष्टीचा विषय कोणीच काढला नाही.

चौकात लाल दिवा होता. थोरल्याने मान न वळवता विचारलं, "डावीकडून गेलं की घर ना आपलं? जाऊन येऊ या का? पाच मिनिटं. नुसतं बाहेरून."

"टेस्ट ड्राइव्हचा रस्ता ठरलेला असतो. उजवीकडे घ्या."

थोरल्याने इंडिकेटर द्यायला हात पुढे केला आणि नव्या गाडीत वायपर सुरू झाला. कोरड्या काचेवर तो करकरत फिरू लागला. थोरल्याला तो बंद करता येईना. मागची गाडी हॉर्न मारायला लागली. धाकट्याने हात लांबवून एक दांडी खाली केली, दुसरी वर केली, आणि गाडी उजवीकडे वळली.

शोरूममध्ये परतल्यावर तिघं टेबलाशी बसले. कॉफी आली. धाकट्याने कोटेशनचा कागद पुढे ओढला आणि टोपण काढलं.

थोरला घासाघिशीत वस्ताद होता, हे सगळ्या नात्यात प्रसिद्ध होतं. लग्नाआधी सूट शिवायला टाकला तेव्हा त्याने शिंप्याकडून बटणं फुकट काढली होती, असं वहिनी कौतुकाने सांगायची. चपलांच्या दुकानात तो इतका वेळ बसायचा की दुकानदार कंटाळून चहा मागवायचा. लहानपणी आई त्याला बाजारात पाठवायची ती याचसाठी, आणि धाकटा पिशवी धरायला बरोबर जायचा. भाव पटला नाही की थोरला त्याचं मनगट धरून ताडताड चालायला लागायचा. धाकट्याला तेव्हा वाटायचं, आपला दादा जगातल्या कुठल्याही माणसाला वाकवेल.

"तर," थोरला म्हणाला, "टॉप मॉडेल लिही. जी छापील किंमत असेल ती."

वहिनीने कप खाली ठेवला. "छापील? अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मी भाव करणार नाही. काय लागेल ते लाव."

"या महिन्यात या मॉडेलवर चाळीस हजारांची सूट आहे," धाकटा म्हणाला.

"नको मला सूट."

"नको कशी? सगळ्यांना आहे." त्याने आकडा लिहिला. "आणि टॉप मॉडेल घेऊ नका. त्याच्या खालचं घ्या. इंजिन तेच, ब्रेक तेच. वरचे पैसे लाईट आणि सनरूफचे जातात. तुम्हाला सनरूफ कशाला?"

"असू दे की."

"दोन महिने उघडून बघाल, मग धूळ येते म्हणून बंद ठेवाल."

"मग विमा तुमच्याकडचाच लाव. आणि ते मॅट, सीट कव्हर, काय काय असतं ते सगळं."

"विमा बाहेर स्वस्त पडतो. सीट कव्हर बाजारातून घ्या, याच्याहून चांगलं मिळेल." त्याने दोन ओळींवर काट मारली.

वहिनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. "हे कसलं दुकान म्हणायचं! घेणारा म्हणतो द्या, विकणारा म्हणतो घेऊ नका." ती हसली, पण तिच्या हसण्याला कोणी साथ दिली नाही. मग ती उठली. "मी जरा रंग बघून येते," म्हणाली आणि गाड्यांकडे गेली. तिथे एका पांढऱ्या गाडीसमोर ती बराच वेळ पाठमोरी उभी राहिली.

थोरला पुढे झुकला. त्याचा आवाज खाली गेला होता.

"यात तुला कमिशनचे किती सुटतात?"

"ठरलेले असतात."

"टॉप मॉडेलला जास्त सुटत असतील. विम्याचे वेगळे. घे ना रे. मी खुशीने देतोय."

धाकटा कागदावर एकाखाली एक लिहिलेल्या रकमांची बेरीज करत होता. बेरीज करायला कॅल्क्युलेटर शेजारीच होतं, पण तो हाताने करत होता.

"आता मला दुसरं काय करता येण्यासारखं आहे?" थोरला म्हणाला. "तूच सांग. सांगशील ते करतो."

धाकट्याने हातचा घेतला, तो पुढच्या घरात मिळवला आणि खाली रेघ मारली.

"काहीच नाही, दादा," तो म्हणाला. रागाने नव्हे. गिऱ्हाइकाला एखादा रंग यायचा बंद झाला आहे हे सांगताना तो जसा बोलायचा, तसाच बोलला. "म्हणून सगळ्यांना लागतो तोच भाव लावतोय. कमी नाही, जास्त नाही."

थोरला खुर्चीत मागे टेकला. त्याने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढून पुसला.

तेवढ्यात मॅनेजरबाई हसतमुखाने टेबलापाशी आल्या. त्या प्रत्येक टेबलापाशी यायच्या. "काय, जमतंय ना सौदा? आमचा हा माणूस सरळ आहे हं, फसवणार नाही तुम्हाला. ओळखीचे आहात का?"

धाकट्याने पेन उचललं.

"भाऊ आहे माझा," थोरला म्हणाला.

"सख्खा?" बाईंचा चेहरा उजळला. त्या धाकट्याकडे वळल्या. "अहो, मग तुम्ही बोलला का नाहीत? कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी सवलत आहे ना! नेहमीची सूट धरून वर आणखी पंचवीस हजार. तुम्ही तर आजवर कधी वापरली नाहीत. आईसाठी गाडी घ्यायची म्हणाला होतात, ते राहिलंच." त्या क्षणभर अडखळल्या. "बरं, आता भावासाठी वापरा. मी सही करते."

वहिनी परत आली होती. तिने 'पंचवीस हजार' एवढंच ऐकलं आणि तिचा चेहरा खुलला. पण खुर्ची ओढता ओढता ती थांबली.

कागदावर सवलतीसाठी एक रिकामा चौकोन होता. धाकट्याचं पेन त्या चौकोनावर येऊन थांबलं. तो लिहिणार होता की काट मारणार होता, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. चौकोनात शाईचा एक ठिपका पडला.

"नको," थोरला म्हणाला.

"अहो, नियमात बसतं," बाई म्हणाल्या. "सख्ख्या भावाला मिळते."

"मिळत असेल. मला नको." त्याने कागद स्वतःकडे ओढला. "हा लिहिलाय तोच भाव बरोबर आहे. सही कुठे करू?"

बाईंनी खांदे उडवले, शुभेच्छा दिल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. वहिनी नवऱ्याच्या दंडाला हात लावून म्हणाली, "अहो..." थोरल्याने सही केली. धाकट्याने बोटाने दाखवलं, तिथे दुसरी केली.

पांढरा रंग ठरला. बुकिंगचे पैसे भरून झाले. धाकट्याने पावती पाकिटात घातली, त्यावर गाडीचं मॉडेल आणि रंग सुवाच्य अक्षरात लिहिला आणि पाकीट वहिनीच्या हातात दिलं.

"महिन्याभरात गाडी येईल. फोन येईल तुम्हाला."

"किल्ली मात्र तुमच्याच हातून घेणार हं, भावजी," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी रजा नका टाकू."

"पुढच्या महिन्यात रजाच आहे. घर सोडतोय."

"घर सोडून?" थोरला म्हणाला. "कुठे जाणार?"

"एक खोली बघितलीय."

कुठे, ते त्याने सांगितलं नाही. थोरल्याला विचारायचं होतं की आईची खाट, तिचं कपाट, भिंतीवरचं घड्याळ, यांचं काय केलंस. त्याच्याकडे भावाचा एकच पत्ता होता आणि तो दोघांचा जन्मापासूनचा होता. पण भावाने तोवर टेबलावरचे कप एकात एक घालायला घेतले होते. त्यामुळे थोरल्याने पाकीट वहिनीकडून घेतलं, उघडलं, आतली पावती वाचल्यासारखं केलं आणि परत घातली.

तिघं चालत दारापर्यंत आले. बाहेर ऊन रणरणत होतं. समोर थोरल्याची जुनी गाडी उभी होती. तिचा मागचा दिवा चिकटपट्टीने चिकटवलेला होता. वहिनी पुढे होऊन गाडीत जाऊन बसली आणि तिने काच वर केली.

थोरला पायरीवर उभा राहिला.

"सर्व्हिसिंगला तर इथेच यावं लागेल ना?" तो म्हणाला. "पहिलं बहुतेक महिन्यानंतर असतं. मग सहा महिन्यांनी. म्हणजे तेव्हा तरी..."

"सर्व्हिसिंगचं गेट मागच्या रस्त्याला आहे," धाकटा म्हणाला. "पेट्रोलपंपाच्या पुढून डावीकडे वळायचं. इकडे पुढे यायची गरज पडत नाही."

"पेट्रोलपंपाच्या पुढून," थोरला म्हणाला.

"हो. मोठी पाटी आहे. चुकणार नाही."

थोरल्याने मान हलवली. रस्ता नीट समजल्यावर गिऱ्हाइकं हलवतात तशी.