अर्नाळ्यातलं हवेचं घड्याळ

मी बोलतोय खरा, पण मला सगळं नीट आठवतंय का, याची मलाच खात्री नाही. माझा काटा अधूनमधून अडकतो. काचेवर बोटानं टकटक केली की तो थरथरतो आणि खऱ्या जागी येतो. आठवणींचंही तसंच होत असावं, आणि त्यांच्यावर टकटक करणारा माणूस आता राहिला नाही. तेव्हा मी सांगेन ते जरा सावधपणेच ऐका.

मी एक वायुभारमापक. शिकलेले लोक मला बॅरोमीटर म्हणतात. अर्नाळ्याचे लोक हवेचं घड्याळ म्हणतात, कारण मी गोल आहे आणि मला दोन काटे आहेत. वेळ मात्र मला कळत नाही. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक डबी आहे, आतली हवा काढून घेतलेली. बाहेरच्या हवेचा भार वाढला की ती दबते, कमी झाला की फुगते. काळा काटा त्या डबीचं ऐकतो. पितळी काटा कुणाचंच ऐकत नाही. तो माणसानं हातानं फिरवून काळ्या काट्यावर जुळवून ठेवायचा असतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी दोघांत किती अंतर पडलं ते दिसतं.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. पाठीवरच्या पट्टीवर तसं लिहिलंय, म्हणून म्हणतो. तिथून मी मुंबईच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो. शेजारी पाऱ्याचा उंच वायुभारमापक होता, अचूक आणि अबोल. दर वर्षी मुलं माझा आकडा त्याच्याशी ताडून पाहत आणि माझी चूक वहीत लिहीत. सतत कुणाशी तरी ताडून पाहिलं गेलं की स्वतःवरचा विश्वास कमी होतो. माझं शिक्षण झालं ते असं.

तिथले नेरूरकर सर मला घरी घेऊन आले. श्रीरंग नेरूरकर, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. प्रयोगशाळेत नवी यंत्रं आली तेव्हा मी भंगारात निघालो होतो. निवृत्त होताना त्यांनी मला मागून घेतलं आणि माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये दाराशेजारी टांगलं. रोज सकाळी चहाआधी ते काच वाजवत, आकडा मोठ्यानं म्हणत आणि पितळी काटा जुळवत.

"कुठं निघालात वादळात?" त्यांच्या पत्नी वसुंधराताई आतून विचारत.

"वादळ नाही, नुसतं ढगाळ आहे."

"मग ते सांगायला खिडकी पुरली असती."

सर हसत. पण त्यांचा स्वभाव काळजीचा होता. गॅस बंद केलाय का हे पाहायला जिन्यातून परत येत. माझा आकडा त्यांना एकदा वाचून कधी पुरला नाही.

रविवारी ते मासळीला अर्नाळ्याला जात. तिथल्या शकूकडूनच घेत. तिचा नवरा हरेश्वर होडीवाला, मच्छीमारांच्या सोसायटीचा कारभार पाहणारा. घर त्यांचं समोरच्या बेटावर, किल्ल्याच्या तटाजवळ. एकदा बोलता बोलता हरेश्वर म्हणाला, की हल्ली वादळं फार व्हायला लागली, मोबाईलवर शंभर चित्रं येतात, पण आपल्या डोक्यावरची हवा काय करते ते कुठंच दिसत नाही. पुढच्या रविवारी सरांनी मला पिशवीत घातलं. वसुंधराताईंना विचारलं होतं की नाही, आठवत नाही. नसावं.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, सोसायटीच्या खोलीत मला एकवीरेच्या तसबिरीखाली खिळा मिळाला. समोरच्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी आणि किल्ल्याचा बुरूज दिसायचा. सरांनी सगळ्यांना जमवून शिकवलं. "काच हळूच वाजवायची. मग काळा काटा पितळी काट्यापासून किती उतरला ते पाहायचं. दुपारी तो थोडा उतरतोच, त्याला घाबरायचं नाही. जास्त उतरला तर मला फोन. आणि वाचून झालं की पितळी काटा जुळवून ठेवायचा."

रोज सकाळी एकदाच, हे सर बोलले होते का? मला वाटतं, बोलले होते. पण शिकवणाऱ्याला जे इतकं उघड वाटतं, ते तो बोलायचं विसरलाही असेल.

लोकांना मी आवडलो. खोलीत येणारा प्रत्येक जण आधी काच वाजवी, मग पितळी काटा जुळवी, मग देवीला हात जोडी. देवळात शिरताना घंटा वाजवावी तसं ते झालं. होडीचं इंजिन दुरुस्त करणारा विकी तर काळ्या तेलाच्या बोटांनी वाजवायचा. शकू ओरडायची, "अरे, काच हाय ती, तुझा गिअरबॉक्स नाय!"

मग ते वादळ आलं. मे महिना अर्धा झाला होता. खाली दक्षिणेकडे ते तयार झालं आणि किनाऱ्याला समांतर वर सरकू लागलं. इशारा वेळेवर आला होता. बोटी परत आल्या, किनाऱ्यावर ओढून बांधल्या गेल्या. बेटावरच्या लोकांनी इकडे यावं, शाळेत सोय केली आहे, असंही सरकारी माणसं सांगून गेली होती. पण त्याआधीच्या एका वादळात हेच सगळं झालं होतं. सगळे बेट सोडून शाळेत येऊन राहिले, आणि वादळ दुसऱ्याच किनाऱ्याला लागलं. इकडे फक्त वाळत घातलेली मासळी भिजली आणि कुत्र्यांनी खाल्ली. या वेळी कुणी हलायला तयार नव्हतं. हरेश्वरची आई तर मुळीच नाही. तिचे गुडघे गेलेले, सारा दिवस खाटेवर.

"गुजरातला चाललंय ते," विकी मोबाईल दाखवत म्हणाला. "आपल्याला नुसता वारा."

"आपलं घड्याळ काय म्हनतंय ते बघू," हरेश्वर म्हणाला. "ते उतरलं तर होड्या सोडू."

म्हणजे बेटावरच्या माणसांचं ओझं माझ्या काट्यावर आलं. खाडीच्या तोंडाशी पाणी खवळलं की होडी घालता येत नाही. उशीर झाला तर जो तिकडे, तो तिकडेच.

त्या सकाळी खोलीत माणसांची रीघ लागली. जो येई तो काच वाजवी, पाही, पितळी काटा जुळवी आणि निरोप देई, "केसभर उतरलंय." खरं तर सकाळच्या त्या वेळी रोजच्याप्रमाणे मी चढायला हवं होतं. मी चढत नव्हतो. मी उतरत होतो, आणि माझ्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी येऊन पितळी काटा माझ्याबरोबर खाली आणत होतं. दोन काटे जोडीनं उतरत होते, आणि खोलीतल्या कुणालाही ते उतरणं दिसत नव्हतं.

मी ओरडू शकत नाही. माझ्या तबकडीवर इंग्रजीत 'वादळ', 'पाऊस', 'स्वच्छ' असे शब्द छापले आहेत, पण ते कुठल्यातरी थंड देशाच्या हवेचे आहेत. इथल्या पावसाळ्यात ते कधीच जुळले नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहत नसे. आणि माझीच मला शंका येत होती. काटा अडकला असेल का? डबीच म्हातारी झाली असेल का?

माणिकपूरहून सरांचा फोन आला. हरेश्वरनं तो स्पीकरवर घेतला.

"किती उतरलाय?"

"केसभर, सर."

"मग अजून वेळ आहे. लक्ष ठेवा."

थोड्या वेळानं पुन्हा फोन. उत्तर तेच. पुन्हा फोन. विकी हळूच म्हणाला, "सरांना बीपीची गोळी द्या कुनीतरी."

पण या वेळी सरांनी 'लक्ष ठेवा' म्हटलं नाही. ते म्हणाले, "प्रत्येक वेळी केसभरच कसा? सकाळपासून पितळी काटा कुणी हलवला का?"

"सगळेच हलवतात, सर. आलं की जुळवायचा. तुम्हीच सांगितलंय."

"अरे देवा." त्यांचा आवाज बारीक झाला. "हरेश्वर, पितळी काटा विसर. काच वाजव आणि काळा काटा कुठल्या आकड्यावर आहे तो वाच. नुसता आकडा."

हरेश्वरनं काच वाजवली. मी थरथरलो आणि आणखी थोडा उतरलो. त्यानं आकडा वाचला. मी हजाराच्या खाली गेलो होतो; मे महिन्यात एरवी मी त्याच्या वरच असतो.

"होड्या सोड," सर म्हणाले. "माझं चुकत असेल तर चुकू दे. आत्ता सोड."

खिडकीच्या पट्टीतून मला होड्या जाता-येताना दिसल्या. पाणी करडं झालं होतं. होडी लाटेआड गेली की परत दिसेपर्यंत खोलीतले सगळे खिडकीशी गर्दी करत. बायका आल्या, मुलं आली, शेळ्या आल्या. शेवटच्या खेपेला चार गड्यांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आणली. तिच्यात हरेश्वरची आई, आयी, नखशिखांत भिजलेली. तिला नेमकं माझ्याखाली ठेवलं.

"ह्या डब्यानं सांगितलं व्हय?" तिनं मान वर करून मला पाहिलं. "माझ्या हाडांना वारा कळतो. मला नाय कोनी इचारलं."

"तुमची हाडं रोजच वादळ सांगतात, आयी," शकू तिचे केस पुसत म्हणाली.

"सांगतात तर सांगतात. निदान घरातून नाय काढत."

त्यानंतर होडी घालण्यासारखं पाणी राहिलं नाही. वादळ समुद्रातूनच वर निघून गेलं. किनाऱ्याला लागलं नाही, पण वारा आणि पाणी यायचं ते आलंच. बेटाची पश्चिमेकडची घरांची रांग गेली. माणूस एकही गेलं नाही.

आधी पुरुष तिकडे गेले. हरेश्वर बरेच दिवस एकटाच तिथं होता. आयी शाळेत, मग नातेवाइकांच्या खोलीत. तिला इथं करमत नव्हतं. ती जेवणही टाकू लागली होती. मग तो तिला घरी घेऊन गेला.

काही आठवड्यांनी सर आले. योगायोगानं त्याच दिवशी आयीला डॉक्टरकडे आणलं होतं आणि ती खोलीत बसली होती.

"हेच का ते घड्याळवाले मास्तर?" ती म्हणाली. "मास्तर, माझ्या घरात पान्याचा थेंब नाय आला. जाऊन बघते तर भिंती पांढऱ्याशुभ्र, पोरानं चुना मारलेला, गादी नवीन. जसं लगीनघर! आनि तुम्ही मला खुर्चीत बांधून मरनाच्या लाटांतून आनलंत. होडी उलटली असती म्हंजे?"

सरांनी हरेश्वरकडे पाहिलं. हरेश्वर खाली फरशीकडे पाहत होता.

"चुकलं असेल माझं," सर म्हणाले. "घर तटाजवळ, उंचावर आहे. मी तेवढा विचार करायला हवा होता."

जाताना त्यांनी माझी काच वाजवली नाही. नुसती पुसली. त्यानंतर ते रविवारी यायचे ते मासळी घेऊन बाहेरूनच परत जायचे. कधी फोनवर विचारायचे, "त्या काट्यात खोट तर नाही ना? एकदा तपासून घ्यायला हवा होता." पुढच्या एका पावसाळ्यात वसुंधराताईंचा शकूला फोन आला, की सर गेले.

आयी त्यांच्यानंतर बरंच जगली. आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर गेली. तिची तेवढी एकच मागणी होती.

सोसायटीत आता भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यात वादळ रंगीत भोवऱ्यासारखं फिरताना दिसतं आणि कुठं जाणार तेही दिसतं. ते चांगलंच आहे. मला कोपऱ्यात ठेवलं होतं. शकूनं उचललं. "सरांची वस्तू हाय, भंगारात नाय जायची," म्हणाली आणि बेटावर घेऊन आली. आता मी तिच्या भिंतीवर असतो. खाऱ्या हवेनं माझी कडा हिरवी पडली आहे. ती रोज सकाळी एकदाच काच वाजवते आणि एकदाच पितळी काटा जुळवते. तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल तर तुम्हीही तेवढंच करा. सकाळची खूण रात्रीपर्यंत तरी जागेवर राहू द्या. आजचं उतरणं तिच्यावाचून कळत नाही.

गेल्या वर्षी शकू आणि हरेश्वरनं घर रंगवायला काढलं. समोरच्या भिंतीला लागून जुनं जड लाकडी कपाट होतं. एकट्या माणसाला हलणारं नव्हतं. विकी मदतीला आला होता. तिघांनी मिळून ते ओढलं आणि शकू थांबली. मागच्या भिंतीला कधी चुना लागलेला नव्हता. तिच्यावर गाळाची एक आडवी, सरळ, तपकिरी रेघ होती.

"हे काय?"

"पानी," हरेश्वर म्हणाला.

"इतकं? आनि तू म्हनालास, ओट्यावरून परत गेलं!"

"आयीला कळलं असतं तर ती परत इथं झोपली नसती. आनि तिकडे ती जगली नसती."

"आनि सर?"

विकी फडकं घेऊन उगाच कपाटाचं दार पुसू लागला. हरेश्वर माझ्यापाशी आला, काचेवर बोट ठेवलं, वाजवलं मात्र नाही.

आयीची खाट अजून त्याच जागी आहे. ती रेघ खाटेच्या वर होती. उशी ठेवली, तर उशीच्याही वर.