पळसाचा माणूस

गावातून दोघे गेले होते आणि परत आला एकटा रखमाजी. बरं, आला तो काही खाली मान घालून नाही. हातात गंगेचा गडू, कपाळभर भस्म आणि मिशीला पीळ. तीर्थ करून आलेल्या माणसानं मावंदं, म्हणजे तीर्थाचं गावजेवण, होईपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही, मारुतीच्या देवळात उतरायचं, अशी आष्टीकडच्या गावांची रीत. म्हणून तो देवळात टेकला आणि अर्धं गाव त्याच्या पाया पडायला धावलं.

साळूबाईही धावली, पण पाया पडायला नाही. तिचा नवरा बद्रीनाथ त्याच्याबरोबर गेला होता. हरभरा रानात उभा टाकून, परतूरच्या ठेसनावर गाडीत बसून, काशी-प्रयाग करून शिवरात्रीला नेपाळात पशुपतीचं दर्शन घ्यायला. जन्मात राजूरच्या गणपतीपलीकडं न गेलेल्या माणसाला एकाएकी परमुलखातला देव का आठवावा, हे कोडं साळूबाईला तेव्हाच पडलं होतं. पण देवाच्या कामाला आड कोण येणार?

"बद्री गेला, वयनी," रखमाजी म्हणाला. "हिवतापानं. तिकडं डोंगराच्या पायथ्याला. म्याच अग्नी देला."

बायांनी हंबरडा फोडला. साळूबाई रडली नाही. रखमाजी हे सगळं तिच्याकडं न बघता मारुतीच्या शेंदराकडं बघून बोलत होता. तेवढ्यात रखमाजीचा म्हातारा बाप कारभारी काठी टेकत पुढं झाला.

"तू अग्नी देला? बाप जिता असताना?" म्हाताऱ्याचे डोळे गरगरले. "आन ही मिशी? अग्नी देनाऱ्याला मिशी उतरवावी लागती. कवा उतरवली आन कवा फुटली रे येवढी?"

रखमाजीचा हात मिशीकडं गेला आणि तिथंच राहिला. बापाच्या जिवंतपणी मिशी उतरवायची नाही, म्हणून प्रयागलाही त्यानं ती राखली होती. आणि थाप मारताना नेमका तिचाच विसर पडला होता. गावातलं शेंबडं पोरगंही ही चूक करणार नाही. पण थापेला सुरुवात केली की माणसाला पुढचं कुठं दिसतं?

"खोटं बोललो, बाबा," तो पुटपुटला. "वयनीला वाईट वाटू नये म्हून. अग्नी न्हाईच भेटला त्याला. चिसापानीची चढन चढून राह्यलो होतो. पाय सरकला आन दरीत गेला. हाडूकबी हाती लागलं न्हाई."

लोकांनी जिभा चुकचुकवल्या. बिचाऱ्यानं दयेपोटी खोटं सांगितलं, असं म्हणून त्याला माफही केलं. गावाचं मन मोठं. दुसऱ्याच्या बायकोचं कुंकू पुसायचं असलं तर फारच मोठं. साळूबाई मात्र तशीच घरी आली आणि आरशापुढं बसून तिनं कुंकू पुसण्याऐवजी आणखी ठसठशीत लावलं. एका माणसाला दोन मरणं कशी येतील? आणि दोन्ही खोटी असली तर?

त्या दिवसापासून ती रोज दुपारी देवळात जाऊन खांबाआड बसू लागली. मावंद्याचा दिवस लांबला होता आणि रखमाजीचं तोंड काही बंद होत नव्हतं. नेपाळच्या वेशीवर रक्सौलला म्हणे शिपाई एकेकाला राहदारी, म्हणजे आत जायचा परवाना, देतात, तीही शिवरात्रीपुरती. मेळा सरला की हाकलून काढतात. पुढं इवलीशी आगगाडी, आणि ती संपली की नुसता डोंगर. तिथली माणसं पाठीवर टोपलं घेऊन त्याचा पट्टा कपाळाला लावतात आणि त्यात मणाचं ओझं वाहतात. एका म्हातारीला तर तिच्या नातवानं टोपल्यात बसवून देवाला आणलेलं यानं पाहिलं होतं.

"आन देऊळ?" कुणी विचारायचं.

"देवळाचं छप्पर सोन्याचं. म्होरं नंदी, आपल्या पाटलाच्या बैठकीत मावनार न्हाई येवढा. पुजारी मात्र आपल्या कर्नाटकाकडले, बोला! खाली नदी. तिच्या काठाला हिकडं मढी जळून राह्यलेली आन तिकडं बाया भांडी घासून राह्यलेल्या. कुनाला कायबी वाटत न्हाई. माकडं तर मढ्याच्या म्होरचा नैवेद्य पळवतेत."

मग घरांचं वर्णन. लाल विटांची घरं, लाकडी खिडक्यांना मोरांची नक्षी, वळचणीला टांगलेली मक्याची कणसं. एका टेकडीवरच्या देवळाला चारी बाजूंनी डोळे रंगवलेले. कुठंही जा, ते आपल्याकडंच बघतात.

लोक तोंड उघडं टाकून ऐकत. साळूबाईला मात्र वेगळंच खटके. ज्याचा जिवाभावाचा सोबती डोळ्यांदेखत दरीत गेला, त्याला खिडकीवरचे मोर कसे आठवतात? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं तिचं झालं. यानंच ढकललं असेल का? का तिकडच्या एखाद्या बाईनं घरात घेतलं असेल? रात्री काही सुचलं नाही की ती गोठ्यात जाई आणि ढवळ्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभी राही. तो बद्रीनाथाचा लाडका बैल. साळूबाईशी दिवसभरात चार शब्द न बोलणारा नवरा ढवळ्याशी मात्र तासन् तास बोलायचा.

एका दुपारी रखमाजी तिकडच्या शेतीचं सांगत होता. "त्या खोऱ्यात औतच न्हाई, बापू! मान्सं कुदळीनं सारं रान उकरतेत. बैल शंकराचा, त्याला जुंपायचं न्हाई. बद्री म्हनला, रखमा, आपल्या ढवळ्याला हितं आनून सोडाया पायजे."

खांबाआडून साळूबाई उभी राहिली. ते बोलणं बद्रीनाथाचंच होतं. तसं दुसरं कुणी बोललंच नसतं.

"कुठं म्हनले ते, भावजी?"

"पशुपतीच्या वाटंला..." रखमाजी बोलता बोलता अडखळला.

"ते तर चढनीवरच गेल्ते ना? खोरं तर चढनीच्या पल्याड."

मग रखमाजी घाईघाईनं म्हणाला, "वरून दिसत व्हतं की खोरं! वरूनच बघून म्हनला."

"वरून कुदळ दिसली? बैल नसलेला दिसला?"

"साळू, बस कर," शेजारची गोजरबाई तिचा हात ओढत म्हणाली. "दुक्खानं डोस्कं फिरलं लेकराचं." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. तिला वेडी ठरवणं सोपं होतं. काशी करून आलेल्याला खोटा ठरवायचं म्हणजे त्याच्या पाया पडून मिळवलेलं सगळ्यांचं पुण्य पाण्यात.

साळूबाईचा दीर पुंजाराम याला तर घाई झाली होती. त्याच्या लेकीचं लग्न वैशाखात ठरलेलं. घरात मेलेल्याचं सुतक असं लोंबकळत आणि वर भावजयीच्या कपाळाला हे भलंमोठं कुंकू. व्याही काय म्हणतील? त्यानं नरहर जोशीबुवांना गाठलं. बुवा म्हणाले, देह सापडला नाही तर पळसाचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. शास्त्राला तेवढं पुरतं. मग दिवस घाला आणि मोकळे व्हा.

"वयनी, आता आडवं येऊ नगा," पुंजाराम म्हणाला. "भटकता जीव लेकीच्या संसाराला लागंल."

"ते मेले न्हाईत, भावजी."

"मंग कुठं हायेत?"

संशयाचं असंच असतं. दुसऱ्याचं खोटं दिसतं, पण खरं काय ते सांगता येत नाही. ती उठून गोठ्यात गेली, आणि हाच होकार, असं घरानं धरलं.

ओढ्याच्या काठी पळस फुलून लालभडक झाला होता. जोशीबुवांनी दर्भ अंथरला. पळसाच्या काड्या मांडून हात केले, पाय केले, छाती केली, लोकरीच्या धाग्यानं सगळं बांधलं, वरून सातूचं पीठ लिंपलं आणि डोक्याच्या जागी नारळ ठेवला. त्याचं नाव घेऊन, गोत्र सांगून पाणी सोडलं. बघता बघता तिथं बद्रीनाथ आडवा झाला. साळूबाई बायांच्या घोळक्यात बसली होती. अग्नी लागला की बांगड्या फोडायच्या, म्हणून गोजरबाईनं तिचं मनगट आधीच धरून ठेवलं होतं. त्या पिठाच्या छातीकडं बघताना पहिल्यांदाच तिचा धीर सुटला. काय सांगावं, गावच खरं असेल! आपणच कुंकवाच्या लोभानं मेलेल्या माणसाला अडवून धरलं असेल!

पुंजारामानं जाडशी पेटती काडी हातात घेतली आणि फेरा घालून तो वाकला.

"जाळू नगं रे!" रखमाजी गर्दीतून ओरडत आला आणि त्यानं पुंजारामचं मनगट पकडलं. "नाव घेऊन राह्यला, गोत्र सांगून राह्यला... जित्या मान्साला जाळतोस काय? पाप मला लागंल!"

ओढ्याकाठी गलका उडाला. कारभारी म्हाताऱ्यानं लेकाच्या पाठीत काठी घातली. रखमाजी मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडत सगळं ओकला.

"देवळाच्या मागं गोसाव्यांची धुनी हाये. तिथं बसला तो उठलाच न्हाई. मी म्हनलं, राहदारी सरली, शिपाई हाकलतेत, चल. मला म्हनला, काशीला कायतरी सोडावं म्हून तू वांगं सोडलं, म्या तवा काय सोडलं न्हाई. आज घर सोडलं. हाताला धरून वढला मी त्याला. त्यानं पशुपतीची आन घातली, गावात सांग म्हनं, बद्री मेला."

गोजरबाईच्या हातातून मनगट सुटलं. साळूबाई उभी राहिली. तिला आधी हसूच आलं, एवढ्या बायांत, एवढ्या उन्हात. जिता हाये! तिचं खरं होतं, साऱ्या गावाच्या नाकावर टिच्चून खरं होतं. ती पळसाच्या माणसाला वळसा घालून रखमाजीपुढं येऊन उभी राहिली.

"माझ्यासाठी काय निरोप देला?"

रखमाजीनं मान खाली घातली.

"काय बोलले तरी? माझी काय चूक? काय राग?"

"न्हाई वयनी. राग कसला."

"नाव तरी काढलं का माझं?"

इथं एक थाप मारायला हवी होती. आयुष्यभर पुरली असती. पण लेकाला नको तेव्हा खरं बोलायची बुद्धी झाली.

"न्हाई. ढवळ्याला उन्हाळ्यात दोनदा पानी दावा, येवढंच म्हनला."

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. जोशीबुवांनी घाईघाईनं पळी-पंचपात्र आवरायला घेतलं. जिवंताचा विधी झाला तर दोष लागतो, असं काहीसं ते पुंजारामला सांगत होते. पुंजाराम हातातली काडी विझवायला जागा शोधत होता.

साळूबाईनं ती काडी त्याच्या हातातून काढून घेतली.

"वयनी, अवो... ते जिते हायेत!"

"तुमी समदे म्हनत व्हता मेले, मीच एकटी नडून राह्यले व्हते," ती म्हणाली. "तुमचंच खरं व्हतं, भावजी."

आणि वाकून तिनं काडी नारळाला लावली. पळस ओला होता, आधी नुसताच धूर झाला. ती फुंकर घालत राहिली.