खांदा साडेसतरा

मी एक जुनी मोजपट्टी आहे, मित्रांनो. तुमच्या दप्तरातल्या फूटपट्टीशी माझं नातं लावू नका हं. ती ताठ आणि शिष्ट. मी मऊ, पिवळी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या घातलेली. कारखान्यात माझ्या अंगावर साठ इंच छापले आणि मी थेट एका शिंप्याच्या गळ्यात पडले. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

त्या गळ्यात मी चाळीस वर्षं काढली. मास्तर माप घेऊन मोठ्यानं आकडा सांगायचे आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, तो वहीत लिहायच्या. मास्तरांनी 'खांदा' म्हणायचा अवकाश, काकूंचं पेन चाललंच! कुणी पोट आत ओढून उभं राहिलं तर मास्तर हळूच म्हणायचे, "श्वास सोडा, मी कुणाला सांगत नाही." तेव्हा माझी काय ऐट होती!

मग मास्तर विसरायला लागले. आधी गिऱ्हाइकांची नावं, मग घरी यायची वाट. एका वकिलांच्या कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या आणि वर त्यांच्याशीच वाद घातला. काकू आधी हसल्या, मग आत जाऊन रडल्या. डॉक्टरांनी या आजाराचं नाव सांगितलं, स्मृतिभ्रंश. दुकान बंद झालं.

मी मात्र गळ्यातच राहिले. रोज दाढी झाली की मास्तर मला घालतात आणि दाराची, खुर्चीची, शेजारच्या कुत्र्याची मापं घेतात. काकूंची जरा पाठ वळली की दुकानाकडे चालू लागतात. त्यामुळे काकूंना भाजी आणायलाही जाता येईना. लेक परगावी, तिच्या पदरी तान्हं बाळ. शेजारीण बिचारी तासभर बसायची, पण तिलाही तिचं घर आहेच की.

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनची तारीख तीनदा मिळाली, त्यांनी तीनदा पुढे ढकलली. मास्तरांना ठेवायचं कुणाकडे? हे त्यांनी लेकीलासुद्धा सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, पण मोजपट्टीला कोण विचारतो!

शेवटी काकूंनी पालिकेचा छापील अर्ज भरून दिला, की अशा वृद्धांसाठी दिवसभराचं केंद्र काढा. सुनावणीच्या दिवशी नेमकी शेजारीण आजारी पडली. म्हणून मास्तरही सोबत, आणि त्यांच्या गळ्यात मी.

अर्जातले दहाही प्रश्न मास्तरांबद्दलचेच. चालता येतं का? येतं. जेवता येतं का? येतं. सुनावणी घेणारे अध्यक्षसाहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की काका तर ठणठणीत आहेत, आणि घरच्यांइतकं मायेनं दुसरं कोण सांभाळणार? काकूंनी अर्ज परत घ्यायला हात पुढे केला. स्वतःसाठी काही मागायची त्यांना सवयच नव्हती.

साहेबांचा कोट खांद्यावर नीट बसला नव्हता. मास्तरांना ते काही बघवेना. टेबलाला वळसा घालून ते गेले आणि मला साहेबांच्या पाठीवर टेकवलं. "सरळ उभे राहा. खांदा साडेसतरा." आणि साहेब खरंच उभे राहिले! शिंप्यापुढे माणूस आपोआप शहाण्यासारखा वागतो. छाती बेचाळीस. बाही चोवीस. सभेत हशा पिकला. काकूंचा हात मात्र सवयीनं अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहीत होता.

साहेबांनी हसत हसत तो कागद उचलला आणि डोळ्यांजवळ धरला. छातीचा आकडा खांद्याच्या आकड्यावर चढला होता. बाहीचा तर कागद सोडून टेबलावर गेला होता.

"काकू, तुम्हाला दिसत नाही का?"

"थोडं दिसतं," काकू म्हणाल्या. "ऑपरेशन करायचंय, साहेब. पण यांना टाकून कशी जाऊ? आणि मी आंधळी झाले तर यांना कोण बघणार?"

केंद्र काही त्या दिवशीच मिळालं नाही. सात सभा झाल्या. चौकशी केली तर काकूंसारखी आणखी एकोणतीस घरं निघाली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणून सगळी गप्प होती. मग वाचनालयाच्या खालच्या मजल्यावर केंद्र सुरू झालं. या कामाचं शिक्षण घेतलेल्या दोन ताई तिथे असतात. घरचं माणूस आजारी पडलं, तर त्यांच्यातली एक जण घरी येऊन राहते.

काकूंचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर त्या केंद्रात आल्या आणि मास्तरांकडे बघतच राहिल्या. "अहो, केवढे वाळलात! कॉलर बघा किती सैल झालीय." मास्तरांनी त्यांना ओळखलं नाही. पण उठून स्वतःची खुर्ची दिली. मला दोघांचीही फार माया आली.

मित्रांनो, आता माझे आकडे पुसट झालेत, तेव्हा एक मागणं ऐका. तुमच्या पालिकेतही असा अर्ज असेल. तो घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. त्यात विसरणाऱ्या माणसाबद्दल दहा प्रश्न असतील. आम्ही भांडून अकरावा घालून घेतला, तुम्हीही घालून घ्या: 'यांना सांभाळणारं माणूस कसं आहे?'