गोजाबाईनं न सारवलेली भिंत

मित्रांनो, मी मोशीतली एक जुनी मातीची भिंत. हसू नका राव, मलाही अंग आहे आणि त्या अंगाला गुदगुल्याही होतात. पांढरी माती, भुसा आणि शेण पायांनी तुडवून गोजाबाईच्या सासऱ्यानं मला उभी केली. मला तोंडं दोन. एक माजघरात, दुसरं गोठ्यात. त्यामुळं माणसांच्या चहाड्याही मला कळतात आणि म्हशींच्याही.

माझी मालकीण गोजाबाई. तिच्यासारखं सारवणं अख्ख्या गावात कुणाला जमायचं नाही. ओल्या शेणाचा हात असा फिरवायची की मला झोपच लागायची. शेजारची अंबूबाई मुद्दाम मला बघायला यायची, मलाच टेकून चहा प्यायची आणि गावभरची उणीदुणी काढायची. मग मी वरून चिमूटभर माती तिच्या कपात सोडायचे. काय तोंड व्हायचं तिचं!

पण एका पाहुण्यापुढं माझी कसलीच खोडी चालायची नाही. तो म्हणजे डास. माणसाचं रक्त पिऊन त्याचं पोट जड झालं की तो माझ्यावर येऊन बसायचा, शेपूट वर करून, तिरका. जरा विसावला की चालला पुढच्या माणसाकडं. एकाचा ताप दुसऱ्याला असा पोचायचा.

गोष्ट पंचावन्न सालातली. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना उभा राहिला होता, गावातली माणसं तिकडं कामाला जायची. पण नदीकाठच्या आमच्या गावात माणसं जास्त करून हिवतापानंच जायची. पटकीची साथ यायची, घाबरवायची, निघून जायची. हिवताप मात्र पावसाळा सरला की मुक्कामालाच यायचा. आदल्या वर्षी गोजाबाईची सून मंजुळा पोटुशी असतानाच त्यानं नेली. तिची बाज मला लागून होती. तिची हुडहुडी माझ्या अंगात उतरायची.

आणि आता त्याच खोलीत गोजाबाईची लेक रंभा पहिल्या बाळंतपणाला आली होती.

त्याच आठवड्यात फवारणीवाला रंगराव आला. हातात पंप, बादलीत डीडीटी. माझ्या दोन्ही तोंडांवर त्यानं फवारा मारला. असला उग्र वास, की म्हैससुद्धा शिंकली! सुकल्यावर माझ्या अंगभर पांढरे ओघळ.

"मावशी, ह्याच्यावर सारवू नगा," रंगराव म्हणाला. "डास हितं बसला की मरतोय. सारवलं की औषध शेणाखाली जातंय."

"बरं बाबा," गोजाबाई म्हणाली. तो कोपऱ्यावर वळायच्या आत तिनं शेणाची पाटी आणली! तिचंही खोटं नव्हतं. बाळंतिणीची खोली अशी डागाळलेली कोण ठेवतं? माया जेवढी जास्त, तेवढा शेणाचा हात जाड.

रंगराव बघायला आला. मला वाटलं, आता भांडण. पण गडी इरसाल निघाला. त्यानं पुन्हा फवारलं, वाळू दिलं आणि गेरूनं माझ्या मधोमध लिहिलं, 'राम कृष्ण हरि'.

"घ्या मावशी. फिरवा आता शेण."

"अरं मुडद्या, देवाच्या नावावर शेण?"

"मग नगा फिरवू!"

मी इतकी खूश झाले, की माझे दोन पोपडे गळाले. पण गोजाबाई त्याच्याही वरताण. तिनं नावाभोवती परातीएवढी जागा सोडली आणि बाकी मला कोपऱ्यापर्यंत गुळगुळीत सारवून काढली. पंधरा दिवसांनी रंगरावनं ते बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, लई पोचलेल्या हायसा तुमी."

"मग! मला शिकवतोस व्हय रं?"

दोघं हसत होते. तेवढ्यात बाजेवरून रंभा म्हणाली, "आये, गोधडी टाक की. थंडी वाजतीया."

हसणं तिथंच थांबलं.

रंगरावनं पिशवीतून काचेच्या नळ्या काढल्या. कोपऱ्यातले डास त्यांत पकडले. एक नळी माझ्या सारवलेल्या जागी उपडी धरली, दुसरी नावाजवळ गोजाबाईला धरायला लावली. बराच वेळ झाला, तिचा हात भरून आला. सारवलेल्या जागेवरचा डास मजेत गुणगुणत होता. नावाजवळचा आधी पाय झाडायला लागला, मग उताणा पडला.

गोजाबाईनं नळी खाली ठेवून हात जोडले. "देवाच्या नावानं मेला!"

रंगराव फुकटात जिंकला होता. गप्प बसला असता, तर तिनं घरभर नाव लिहून घेतलं असतं. पण तो म्हणाला, "न्हाई मावशी, औषधानं मेला. नावानं म्हनाल, तर नाव तेवढं ऱ्हाऊ द्याल आन् बाकी सगळं सारवाल. चला गोठ्यात."

म्हणजे माझ्या दुसऱ्या तोंडाकडं. तिथं औषध होतं, सारवण नव्हतं, नावही नव्हतं. तिथं नळी धरली, तर तिथलाही डास पाय झाडत उताणा झाला.

"हितं कुटं हाय नाव?" रंगरावनं हळूच विचारलं.

गोजाबाईनं माझ्या पांढऱ्या ओघळावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मागल्या साली बी तू फवारून गेला व्हतास. मंजुळा व्हती तवा. मी सारवलं."

"तुमास्नी कुटं ठावं व्हतं, मावशी?"

तिनं शेणाची पाटी उचलली, उकिरड्यावर पालथी केली आणि गाडी जुंपायला सांगितली. रंभाला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. कडू गोळ्या मिळाल्या. रंगरावनं पुन्हा फवारा मारला आणि घरामागचं डबकं गोजाबाईनं स्वतः मुरूम टाकून बुजवलं.

रंभाचा ताप उतरला. दिवस भरले, ती सुखरूप बाळंत झाली. अंबूबाई बाळ बघायला आली, पण आधी तिनं माझ्याकडंच बघितलं.

"अगं गोजे, बाळंतिणीच्या खोलीला ही कळा? हात मोडलं का तुजं?"

"हात धड हायती," गोजाबाई म्हणाली. "नात हाय त्यात, म्हून रिकामं न्हाईत."

त्यानंतर मला बघायला कुणी आलं नाही. सुरुवातीला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तुम्ही एवढं करा. घराभोवती पाणी साचू देऊ नका. थंडी वाजून ताप आला तर अंगावर काढू नका, दवाखाना गाठा. फवारणीवाल्याला दार उघडा आणि त्यानं सांगितलेलं ऐका. आणि एखाद्या घरात माझ्यासारखी डागाळलेली भिंत दिसली, तर नाक मुरडण्याआधी जरा हळू बोला. तिच्याजवळ कुणीतरी पाळण्यात झोपलेलं असेल.