दुसरा ब्रेक

मास्तरांचा उजवा पाय डाव्यापेक्षा जाड होता. त्यांच्या पँटी बायकोच शिवायची, त्यामुळे हे तिला ठाऊक होतं आणि उजव्या मांडीला ती अर्धा इंच कापड जास्त धरायची. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटवर बसून, आपल्या पायाशी बसवून घेतलेला दुसरा ब्रेक माणूस सव्वीस वर्षं दाबत राहिला, की त्याच्या पायाचं काय काय होत असेल ते त्याचं त्यालाच माहीत. जाड होणं हे त्यातलं सगळ्यात साधं. घर चालत होतं ते त्या पायावर आणि बायकोच्या शिलाई मशीनच्या पायडलवर. आमच्याकडे दोघंही पायाने कमावतात, हातांना फक्त जेवायला बोलावतात, असं ती आल्यागेल्याला ऐकवायची.

गाडी शिकवणारे इतरही होते, आणि त्यातले बहुतेक ओरडणारे, स्टिअरिंग हिसकावणारे, शिकायला आलेल्या बाईमाणसाला रडवून घरी पाठवणारे. मास्तरांनी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही. समोर सायकल आली, कुत्रं आलं, की ते आपला ब्रेक इतक्या लवकर आणि इतका अलगद दाबत की झटका नाही, आवाज नाही. शिकणाऱ्याला वाटायचं, थांबवली आपणच. एकदा भीती बसली की माणूस जन्मभर शिकत नाही, असं त्यांचं मत होतं, आणि ज्या मताला कुणी विरोध केलेला नसतो ते मत जसं खरं वाटतं तसं ते त्यांना खरं वाटत आलं होतं. हजारभर माणसं त्यांच्या हाताखालून, म्हणजे खरं तर पायाखालून, गेली. आपण कितीदा वाचलो हे त्यातल्या एकालाही कळलं नाही. दाबलेला ब्रेक लागला की खालून तळपायाला हलकीशी ढुशी यायची, हुंकार द्यावा तशी. त्या हुंकारावर मास्तरांचा जीव होता. हे मात्र त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

स्वतःची गाडी वेगळी. गडद हिरवी, अकरा वर्षांची, आणि अकरा वर्षांत दाराच्या कडेला केसाएवढा एक ओरखडा. ती पुसायची तर स्वतःच्या जुन्या बनियननेच, दुसरं कापड चालायचं नाही. बायकोकडे लायसन्स होतं, पण त्या स्टिअरिंगला तिने कधी हात लावला नव्हता. सवत आणलीत तीही अशी, की तिला एक दिवस भांडीसुद्धा घासायला नकोत, असं ती म्हणायची, आणि मास्तर हसून बनियन पिळायचे.

मुलीला घरात बुटकी म्हणत. नाव लहानपणी पडलं आणि चिकटलं. आता अठराव्या वर्षी ती बापापेक्षा वीतभर उंच झाली होती. नदीपलीकडच्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत तिला सहा महिन्यांची उमेदवारी मिळाली होती, दुपारी दोनची पाळी. दोन बस बदलून पोचेपर्यंत तिला दोनदा उशीर झाला होता, आणि तिसऱ्यांदा झाला तर येऊच नकोस, असं तिथल्या बाईंनी सांगून टाकलं होतं. म्हणून तिने गाडी मागितली. विनवणी केली नाही. तो तिचा स्वभाव नव्हता. तुम्हीच शिकवलंत, पहिल्या झटक्यात पास झाले, मग अडलंय कुठे, एवढंच विचारलं. मास्तर म्हणाले, बघू. त्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही.

तेव्हा बायकोने मशीन थांबवलं.

“हजार परक्यांची पोरं तुम्ही रस्त्यावर सोडलीत,” ती म्हणाली. “आता भरवसा कशावर नाही? पोरीवर, की शिकवण्यावर?”

हे मास्तरांना झोंबलं, कारण हाच प्रश्न ते स्वतः चार दिवस टाळत होते. शिकाऊ गाडीत बुटकीला शिकवताना तिने स्वतः ब्रेक दाबल्याची एकही वेळ त्यांना आठवत नव्हती. दाबलाच असेल. पण त्यांचा पाय नेहमी आधी गेलेला होता.

रविवारी सकाळी ते हिरव्या गाडीत प्रथमच शेजारच्या सीटवर बसले. त्यांच्या पायाशी तिथे काहीच नव्हतं. खाली रबराची मॅट आणि मॅटखाली पत्रा. बुटकी चांगली चालवत होती. हात हलका, नजर लांब. शाळेच्या वळणावर दोन पोती लादलेली हातगाडी अचानक आडवी आली आणि मास्तरांचा पाय सवयीने मॅटवर दाबला गेला. असं प्रत्येक शिकवणाऱ्याचं होतं; बसमध्ये बसला तरी तो पाय दाबतो, त्याला हसायचं आणि सोडून द्यायचं. गाडी थांबली. झटका नाही, आवाज नाही. हातगाडीवाला निवांत पलीकडे गेला.

मास्तरांनी खाली पाहिलं. बुटकीचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, नुसता टेकलेला. आणि त्यांच्या तळपायाला, मॅटमधून, हुंकार आला होता.

पुढे मोकळ्या रस्त्यावर त्यांनी मुद्दाम, अगदी थोडा, पाय दाबला. गाडी मंदावली. बुटकी कपाळाला आठी घालून म्हणाली की ब्रेक धरतोय बहुतेक, दाखवून घ्या. सोमवारी मिस्त्रीने गाडी वर चढवून चारही चाकं फिरवली आणि सांगितलं, मास्तर, गाडी तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे. रोग काढायचाच असेल तर डॉक्टरकडे जा.

माणूस विचित्र असतो. भ्यायला हवं होतं तिथे मास्तरांना धीर आला. त्या संध्याकाळी त्यांनी किल्ली आपण होऊन बुटकीच्या हातावर ठेवली, तेव्हा बायकोच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली.

बुधवारी दुपारी ते एका निवृत्त कारकुनाला शिकवत होते. कारकून गृहस्थ रस्ता सोडून आरशात स्वतःकडेच बघत होते, आणि गल्लीतून एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन बाहेर आली. मास्तरांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली, कारकून स्वतःवर खूश झाले. रात्रीच्या जेवणाला बुटकी म्हणाली की आज पुलाच्या मध्यावर, समोर चिटपाखरू नसताना, गाडी उभीच राहिली. मागचा ट्रक हातभर अंतरावर थांबला आणि त्याने माझा उद्धार केला.

“किती वाजता?” मास्तरांनी विचारलं.

“पावणेदोन.”

त्यांनी घास खाली ठेवला. कारकुनांना पावणेदोनला शाबासकी दिल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं, कारण त्यानंतर लगेच त्यांची वेळ संपली होती. इकडे एक बाळ वाचवायला दाबलेला पाय तिकडे पुलावर जाऊन पोचला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दीड ते दोन, आणि संध्याकाळी ती परतायच्या वेळी, शिकवणी बंद केली. पण दुपारच्या त्या अर्ध्या तासात ते नुसते बसून राहिले की घरातल्या फरशीवर पाय आपोआप दाबला जायचा, एका दुपारी नऊ-दहा वेळा, आणि प्रत्येक वेळी खालून हुंकार यायचा. ते नसताना समोर काय आलं असेल हे त्यांना दिसत नव्हतं. पायाला दिसत असावं. संध्याकाळी बुटकी सुखरूप यायची आणि आज रस्ता छान होता म्हणायची.

पुढच्या रविवारी ते तिच्याबरोबर पुन्हा निघाले, आणि या वेळी मागच्या सीटवर, दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून बसले. बुटकीला हसू आलं. पंगतीला बसलात का, म्हणाली. रिकाम्या कारखान्याच्या रस्त्याने ते गेले, जिथे शेवटी लोखंडी फाटक कायम बंद असतं. फाटक दिसायला लागलं. जवळ आलं. बुटकी गुणगुणत होती, वेग तोच, पाय तिथेच. त्यांनी आपला घोटा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. फाटकाचं कुलूप, मग त्या कुलपावरचा गंज स्पष्ट दिसला, तेव्हा त्यांनी हात सोडले.

गाडी फाटकापासून दोन वितींवर अलगद उभी राहिली.

“बुटके,” ते म्हणाले, “तू ब्रेक कधी दाबतेस?”

तिने मागे वळून पाहिलं. प्रश्न तिला कळलाच नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

“थांबायचं मनात आलं की थांबते ना ती,” ती म्हणाली. “तुम्हीच तसं शिकवलंत.”

त्यांनी तिथेच तिला ब्रेक दाखवला, दाबायला लावला. तिने दाबला, धक्का बसून गाडी बंद पडली. दहा वेळा दाबला, दहाही वेळा बंद पडली, आणि शेवटी ती कंटाळून म्हणाली की ही पद्धत फार आडदांड आहे, मला नाही जमायची. घरी आल्यावर त्यांनी किल्ली मागून घेतली. तिने लगेच दिली. वाद नाही, रडणं नाही. त्या रात्री मास्तर खूप दिवसांनी गाढ झोपले.

सोमवारी ती बसने गेली, वेळेत पोचली, आणि संध्याकाळी पेढे घेऊन आली. प्रयोगशाळेची व्हॅन उद्यापासून तिच्याकडे. बारा ते दोन गावभर फिरून दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे. आधीचा माणूस बाटल्या हिंदकळवायचा. बाईंनी तिला अंगणात एक चक्कर मारायला लावली आणि म्हणाल्या, इतकं मऊ थांबणारं माणूस मी पाहिलं नाही.

“झालं,” बायको मास्तरांना म्हणाली. “तुमची गाडी राहिली तुमच्यापाशी.”

बोलायची वेळ तीच होती. प्रयोगशाळेला कळवता आलं असतं, परवाना रद्द करा म्हणता आलं असतं. पण मग सांगायचं काय? की माझ्या मुलीला थांबता येत नाही, आणि तिला तयार झाली म्हणून मीच पुढे केलं होतं? तिच्याआधी हजार जणांना केलं होतं? मास्तरांनी पेढा तोंडात टाकला आणि गोड आहे म्हणाले.

मंगळवारी बारा वाजता ते स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले. शिकवण्या त्यांनी सकाळ-संध्याकाळवर ढकलल्या होत्या. बायकोने कारण विचारलं तेव्हा पाय दुखतो म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. सव्वाबारापर्यंत चार हुंकार आले. साडेबाराला एकदम तीन, ओळीने, बाजार असावा. मास्तर भिंतीकडे बघत होते. त्यांच्या कानशिलावरून घामाची एक धार ओघळत होती, पण पायाचं काम चोख चाललं होतं.

बायको फरशी पुसत पुसत खुर्चीपाशी आली.

“पाय उचला जरा,” ती म्हणाली.

त्यांनी डावा उचलला.

“दुसरा.”

उजवा तसाच फरशीवर राहिला. मग, दुखतोय बिचाऱ्याचा, असं स्वतःशीच म्हणत तिने एका हाताने तो घोट्याशी धरून अलगद वर घेतला, तळपायाखाली आपला तळहात दिला, आणि दुसऱ्या हाताने खालची फरशी पुसायला लागली.

पाय तिच्या तळहातावर दाबला गेला. हळूच, मग जास्त, मग सगळा जोर लावून. एकदा सुटला आणि पुन्हा दाबला गेला. मास्तर मान कलती करून, खालून काही येतंय का, त्याची वाट बघत होते.

“अहो,” ती म्हणाली, “हात आहे तो माझा.”